तीन नंबरचे चेपलेले चिमटे

आमच्या कारखान्यात पत्र्याच्या बिजागऱ्या होतात. सातिवलीला दोन गोडाउनांच्या मधे एक लांबट शेड आहे, तिथे. मी टेबलाशी बसून तयार बिजागऱ्या तपासते आणि डब्यात भरते. माझ्या टेबलासमोर तीन नंबरची प्रेस, आणि त्या प्रेसवर माझी मैत्रीण. ती अर्नाळ्याची, मी नंदाखालची. ती बसमधे आधी चढते आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून माझी जागा धरते. किती वर्षं, ते आता आठवत पण नाही. तिच्या डब्यात सुकटीची चटणी, माझ्या डब्यात वाडीतली केळी. आमचं असं चाललेलं.

चिमटा चेपणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रेसला वर एक साचा, खाली एक साचा. मधे पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि बिजागरीचं पान तयार होतं. तुकडा हाताने ठेवायचा नाही, लांब चिमट्याने ठेवायचा. चिमटा मागे घ्यायच्या आत पाय पडला की चिमटा भाकरीसारखा चपटा. हसण्यासारखं वाटतं, पण चिमट्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाची बोटं असतात हो.

पूर्वी चिमटा चेपला तर तो भंगारात टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. शेठला सांगायचं नाही. का सांगायचं? लागलं तर नाही ना कोणाला! आम्ही सगळ्या असंच समजत होतो.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर शेठची मुलगी कारखान्यात यायला लागली. माझ्या धाकटीच्या वयाची, पण आम्ही तिला ताईच म्हणतो. आमच्या बिजागऱ्या घेणाऱ्या मोठ्या कंपनीने सांगितलं होतं की सुरक्षिततेचं सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे. ताईने प्रत्येक मशीनवर एक चौकोनी ठिपक्यांचं स्टिकर लावलं. त्यासमोर मोबाईल धरला की त्या मशीनची सगळी कुंडली उघडते: तेल कधी घातलं, बेल्ट कधी बदलला, सगळं. सकाळी मशीनचा फोटो काढायचा. खूप उकडलं तर तो मोबाईल स्वतःच सांगतो, पाणी प्या, थोडं बसा. आणि एक पिवळं बटण आहे, ‘थोडक्यात वाचलो’. कोणाला लागलं नाही पण लागू शकलं असतं, ते तिथे सांगायचं. लिहिता येत नसेल तर बोलायचं, मराठीत.

“मावशी, कोणाची चूक ते सांगायचंच नाही,” ताई म्हणाली. “काय झालं आणि कुठे झालं, बस्स.”

पिवळं बटण दाबायला कोणी तयार होईना. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे जे दिसेल ते वाचायची खोड आहे. ताईने तो मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. “तुम्ही बघाल ते तुम्ही सांगा.”

मला तर काय, बोलायलाच सांगितलं! मी रोज बटण दाबून सांगायला लागले. पाण्याच्या पिंपाजवळ घसरायला होतं, सांगितलं. दोन दिवसांत तिथे खरबरीत लादी आली. पंख्याची वायर लोंबते, सांगितलं. वायर वर गेली. इतक्या वर्षांत शेठने जे ऐकलं नाही ते मोबाईलने ऐकवलं, म्हणून मी खूश. आणि माझ्यासमोर तीन नंबर. थंडी सुरू झाली तशी मैत्रिणीचे चिमटे चेपायला लागले. आठवड्यात एक, कधी दोन. तेही सांगितलं. ‘मशीन नंबर तीन, चिमटा चेपला, बोटं वाचली.’ नाव कुठे घेतलं होतं मी? पण तीन नंबरवर दुसरं कोण बसतं?

एक दिवस शेठने आम्हां दोघींना केबिनमधे बोलावलं. मोठ्या स्क्रीनवर कारखान्याचा नकाशा होता. सगळी मशीनं हिरवी, तीन नंबर लालभडक. खाली त्या मोबाईलच्या डोक्याने सुचवलं होतं: ऑपरेटरला पुन्हा शिकवा किंवा काम बदला.

“मना शिकवनार कोन? हा मोबाईल?” मैत्रीण म्हणाली. “मशीनचा आवाज ऐकून सांगते मी, बेल्ट ढिला झाला का नाय ते.”

“तसं नाही हो मावशी,” शेठ जरा नरमाईने म्हणाले. “वय होतं माणसाचं. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. आरामाचं काम आहे.”

प्रेसवर बसलेली ती आमच्याकडची पहिली बाई. तेव्हाचे कारागीर म्हणायचे, बाईमाणसाला जमायचं नाही. तिने जमवलं, आणि नंतर आणखी दोघींना शिकवलं. तिला आराम नको होता, तीन नंबर हवं होतं. मला वाटलं, ती शेठशी भांडेल. पण तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी बसमधे चढले तर पिशवी तिच्या मांडीवर आणि शेजारी दुसरीच बाई.

“अगं, माझी जागा?” मी म्हटलं.

“मोबाईलला इचार, कुठं बसायचं ते.”

“मी काय मुद्दाम केलं का, बाय?”

“नाय. तू फक्त बघत बसलीस. बघ आता पॅकिंगमधे पन. तिथं कागद फाटला तरी सांग.”

विरारपर्यंत मी दांड्याला लोंबकळत गेले. रागही आला होता, कारण एकही गोष्ट मी खोटी सांगितली नव्हती. उद्या तिचं बोट गेलं असतं तर? पण दुसरीकडून मनात येत होतं की चार नंबरचा चिमटा माझ्या पाठीमागे चेपत असेल तर तो मला दिसणार कसा? मी जिकडे तोंड करून बसते तिकडचंच सांगितलं मी. सोमवार यायला चार दिवस होते.

अकराला आमचा चहा होतो. त्या थंडीत आम्ही बायका पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या राहून चहा प्यायचो, कारण त्या वेळी तिथे उन्हाचा एक पट्टा पडायचा. छान पाठ शेकायची. हा पट्टा त्याच वर्षीचा. पावसात छताचा एक पत्रा उडाला, तेव्हा शेठने तिथे पारदर्शक पत्रा बसवला होता, उजेड यावा म्हणून. त्या दिवशी मी पट्ट्यात एकटीच उभी होते. मैत्रीण मुद्दाम लांब, सावलीत, पदर घट्ट लपेटून.

आता आमच्या घरी सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, दिवसभर. अंगणातलं ऊन एका जागी राहत नाही, सरकत जातं, म्हणून केळ्यांची चटई पण त्याच्यामागे ओढत न्यावी लागते. लहानपणापासून माझं हेच काम. विहिरीपाशी ऊन आहे तर मघाशी ते कुठे होतं, हे मला झोपेत विचारा.

तसं उभ्या उभ्या मनात आलं, की हा पट्टा आत्ता पिंपाजवळ आहे, तर अर्ध्या तासापूर्वी कुठे असेल? कप हातात धरून मी मागे मागे चालत गेले. पिंप, मग वाट, मग तीन नंबर.

चहा तसाच ठेवून ताईकडे गेले. “ताई, माझं सगळं सांगितलेलं परत दाखव. वेळेसकट.”

तिने दाखवलं. चिमटा, साडेदहा. चिमटा, दहा चाळीस. चिमटा, पावणेअकरा. सगळे चहाच्या आधीचे. दुपारचा एक नाही, संध्याकाळचा एक नाही.

“वेळ तर पहिल्यापासून होती इथे,” ताई हळूच म्हणाली. “मी तो कॉलम कधी उघडलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ताईने तीन नंबर बंद ठेवायला लावलं आणि शेठना त्या स्टुलावर बसवलं. ऊन वरून सरळ खालच्या साच्यावर आलं. साचा घासून घासून आरशासारखा झालेला. शेठनी तुकडा ठेवायला चिमटा पुढे केला आणि डोळेच मिटले.

“अरे, काही दिसतच नाहीये!”

“मंग?” मैत्रीण मागून म्हणाली. “आनि वर मशीन चालू असतं तवा.”

“तुम्ही सांगितलं का नाही मावशी?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मना वाटलं माझे डोलेच गेले. मोतीबिंदू आला असंल. सांगितलं असतं तर तवाच पॅकिंगला बसवलं असतं ना तुमी.”

तेव्हा मला कळलं. ती माझ्या बोलण्यावर रागावली होती, आणि त्याहून जास्त घाबरली होती. रोज सकाळी डोळे चोळत, नजर गेली असं मनाशी धरून, ती अंदाजाने ठेवत होती तुकडा. मी समोर बसून चिमटे मोजले, पण तिला एकदाही विचारलं नाही, काय होतंय गं तुला?

आमच्या वाडीत रोपांवर बांधायची हिरवी जाळी पडून होती. शनिवारी मी ती घडी करून आणली. पिशवी जड, म्हणून बसमधे चढतानाच ओरडले, “धर गं जरा!” आणि तिने धरली. सीटवर तिची डब्याची पिशवी होती, ती उचलली. मी बसले. विरार जवळ आलं तशी ती म्हणाली, “सुकेली आनलीस का?” आणली होती.

जाळी छतावर बांधली. पुढे शेठनी तो पत्राच रंगवून घेतला. ऊन गेलं म्हणून चहाच्या वेळी पाठ गारच राहते, ह्याबद्दल बाकीच्या बायका अजून मला बोलतात. सोमवारी मैत्रीण तीन नंबरवरच बसली. शेठनी सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. तिचे चांगले निघाले, चष्मा लागला तो मला. आणि ताईने माझा मोबाईल काढून घेतला, म्हणजे तो आता फिरता ठेवलाय, दर आठवड्याला दुसरीच्या हातात. चार नंबरचे पण चिमटे निघाले, बरं का.

नकाशावर तीन नंबर हिरवं व्हायला महिना लागला. ते झालं त्याच आठवड्यात मोबाईल मैत्रिणीकडे होता. दुपारी ताई हसत हसत माझ्या टेबलाशी आली आणि तिने मैत्रिणीची नोंद मला ऐकवली. मशीनच्या धडधडीत मैत्रिणीचा आवाज:

“मशीन नंबर तीन. समोर टेबलावर एक बाय बसते. सकालपासून बोलते. मी पेडलवर पाय ठेवला तरी बोलते. हसू येतं. कवातरी चिमटा चेपंल.”

उपाय काय केला, हे भरल्याशिवाय नोंद बंद होत नाही. ताईने तिला विचारलं, काय लिहू?

“लिही, उपाय नाय,” ती म्हणाली, आणि पुढचा तुकडा साच्यावर ठेवला.

ती नोंद अजून उघडीच आहे.