आधी काठी धरली

चिमाजीचा आवाज असा, की त्यानं घरात गुपित सांगितलं तर नदीपलीकडच्या वस्तीनं हुंकार भरावा. तोरण्याच्या पायथ्याच्या त्या वाडीत त्याच्याइतकं मोठ्यानं कुणी हसत नसे, शिंकत नसे, आणि बढाईच्या बाबतीत तर त्याच्या आसपास फिरकायची कुणाची छाती नव्हती. जमीन बेताची, म्हशी दोन, मिशी मात्र पाटलाच्या वाट्याची.

बढाईचे त्याचे विषय दोनच. पहिला, घराण्याचं मरण.

‘‘आमच्यात माणूस अंथरुणाला खिळत न्हाई,’’ वेल्ह्याच्या बाजारात चहाचा कप हातात आला की तो सुरू होई. ‘‘उभ्यानं जातो. आजा नांगरामागं गेला. चुलता मोळी घेऊन चढणीला गेला. आमचा थोरला भाऊ मानसिंग, भातलावणीत, हातात रोपं तशीच! डॉक्टरला रुपाया दिला न्हाई आमी.’’

ऐकणारे मान डोलवत. एखाद्या म्हाताऱ्याचे अंथरुणात हाल चालले असले, की चिमाजीच्या घराण्यासारखं पुण्य पाहिजे, असं म्हणत. गेलेल्यांची वयं कुणी विचारत नसे. मानसिंग गेला तेव्हा त्याचा पोरगा स्वरूप पाळण्यात होता.

दुसरा विषय काठीचा. चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरते. रंगीत फडकी बांधलेली, दोन पुरुष उंचीची देवाची काठी एकट्यानं पेलून टेकडीवर न्यायची, पळत, कुठंही न टेकवता. हा मान चिमाजीच्या घराचा. काठी वाटेत टेकली तर गावाचं वर्ष वाईट जातं, असं सगळे मानत. चिमाजीनं ती तरुणपणी इतक्यांदा नेली, की देवाला आता त्याचा घाम वासावरून ओळखू येत असेल.

असल्या बापाच्या पोटी इंद्रजित आला. अंगानं भरलेला, दिसायला पैलवान, आणि चढ लागला की दर वळणावर थांबायचा. छातीवर हात ठेवायचा, दम खायचा.

‘‘आमचं पोरगं म्हंजे वेल्ह्याची एसटी!’’ चिमाजी चारचौघांत म्हणे. ‘‘दर थांब्याला थांबतीया. परवाशी असू दे, नसू दे.’’

गावाला आयतंच मिळालं. इंद्रजितचं नाव एसटी पडलं. पोरगा शहाणा, तोही हसायचा. पण त्या हसण्याला खालून फार जोर लावावा लागत होता, हे एका बनाबाईला दिसायचं. बनाबाई म्हणजे मानसिंगची विधवा, चिमाजीची वहिनी.

‘‘भावजी, पोराला भोरला दाखवा,’’ ती सांगायची.

‘‘वहिनी, आळसावर औषध न्हाई भोरला.’’

गेल्या जत्रेत एसटीनं काठी उचलली. बापाची टिंगल एकदाची संपवायची म्हणून उचलली, हे उघड होतं. निम्म्या टेकडीपर्यंत पळाला. मग त्याचे गुडघे मोडले आणि तो तोंडावर पडायला लागला. काठी एकीकडे कलली, पोरगा दुसरीकडे. चिमाजी दोन हातांवर होता. त्यानं झेप घेतली आणि काठी धरली.

पोराचं डोकं दगडावर आपटलं तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ‘‘नाथाच्या नावानं चांगभलं!’’ असा गजरही त्याच वेळी झाला, कारण काठी टेकली नव्हती. चिमाजी ती वर घेऊन गेला. खाली बनाबाई इंद्रजितचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो शुद्धीवर आला, तेव्हा पहिलं विचारलं, ‘‘काकी, काठी टेकली का?’’

गावानं चिमाजीला फेटा बांधला. त्यानं तो दिवसभर डोक्यावर मिरवला. पोराचं काय झालं विचारलं की सांगायचा, ‘‘पित्त.’’

भोरला न्यायला शेवटी बनाबाईनंच लावलं. तिथल्या डॉक्टरांनी इंद्रजितच्या छातीला नळी लावली आणि त्याला उकिडवं बसायला सांगितलं. मग उभं राहायला. मग परत बसायला.

‘‘बैठका काढाया आमच्याकडं तालीम हाय की, डॉक्टर,’’ चिमाजी म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. ‘‘उभा राहिला की हृदयातला आवाज वाढतोय,’’ ते म्हणाले. ‘‘पुण्याला जा. हृदयाच्या याच आजाराचं काम करणाऱ्या डॉक्टर आहेत, अश्लेषा मॅडम. पुढच्या आठवड्यात बघू, असं करू नका.’’

अश्लेषा मॅडम चिमाजीच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी इंद्रजितच्या छातीवर थंडगार मलम लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी धडपडत होतं.

‘‘घरात कुणाला हृदयाचा आजार?’’ त्यांनी विचारलं.

‘‘छ्या!’’ चिमाजी फुलला. ही तर त्याच्या हातखंड्याची जागा. ‘‘आमच्यात आजार न्हाईच, मॅडम. माणूस उभ्यानं जातो.’’ आणि त्यानं आजा काढला, चुलता काढला, मानसिंग काढला, नेहमीच्या ठसक्यात, नेहमीच्या जागी थांबत.

नेहमीची दाद मात्र आली नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं.

‘‘वयं काय होती त्यांची?’’

चिमाजीनं तोंड उघडलं. पहिल्यांदाच वयं आठवायला लागली, आणि आठवत गेली तसा आवाज खाली खाली गेला. शेवटचं वय त्यानं इतकं हळू सांगितलं, की मॅडमना परत विचारावं लागलं.

मग त्यांनी समजावलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जन्मजात दोषानं जाड होत जाते. रक्त बाहेर पडायची वाटच अरुंद होते. धावलं, चढलं, घाम गेला, की रक्त कमी पडतं. दम लागतो, चक्कर येते. आणि कधी ठोक्यांची लय एकदम बिघडते, मग माणूस उभ्यानं जातो. ‘‘हे रक्तातून पुढं जातं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचीही तपासणी करू.’’

चिमाजीची भिंतही जाड निघाली. पोराएवढी नाही, पण होती. ‘‘इतक्या वर्षांत काठीनं तुम्हाला सोडलं, हे नशीब,’’ मॅडम म्हणाल्या.

इंद्रजितला गोळ्या सुरू झाल्या आणि छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठोके बिघडले तर ते आतून झटका देऊन ताळ्यावर आणणार. निघताना मॅडमनी चिमाजीला थांबवलं. ‘‘मानसिंगना मुलगा आहे म्हणालात. त्याला लगेच घेऊन या. तपासणी होईपर्यंत पळणं नाही, ओझं नाही.’’

‘‘आणतो की,’’ चिमाजी म्हणाला.

आणि गावात येऊन त्यानं सांगितलं, ‘‘पित्ताची पिशवी व्हती. काढली.’’

काढलेली पिशवी छातीत वरच्या बाजूला कशी, हे एकदोघांना खटकलं, पण चिमाजीच्या आवाजापुढं शरीरशास्त्र टिकत नाही. इंद्रजितलाही त्यानं गप्प बसवलं. ‘‘म्या सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो,’’ असं रोज म्हणायचा आणि रोज बाजारात जाऊन यायचा. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की पुण्याईचं मरण नव्हतं, दुखणं होतं? की पोरगा आळशी नव्हता, मरता मरता राहिला होता, आणि नाव ठेवणारा बापच होता? तोंड उघडलं की त्या एका दगडावरचा तो आवाज कानात यायचा. स्वरूप दिसला की चिमाजी वाट बदलायचा. एकदा तर म्हशींच्या गोठ्यात शिरून उभा राहिला. दोन्ही म्हशींनी त्याच्याकडं असं बघितलं, की तिथंही थांबवेना.

चैत्र आला. एसटी बाद झाल्यावर काठीचा मान स्वरूपकडं गेला. पोरगा काटक, वाऱ्यासारखा पळणारा. महिनाभर रोज टेकडी चढून सराव करत होता.

देवळाच्या अंगणात गाव जमलं. रीत अशी, की घरातल्या वडीलधाऱ्यानं काठीवाल्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ घेतला की मान घेतला. वडीलधारा अर्थातच चिमाजी. तो उभा राहिला. स्वरूपनं वाकून पाया पडून हात पुढं केले. चिमाजीनं नारळ ठेवला, पण सोडला नाही.

स्वरूपनं हळूच ओढला. चिमाजीनं आपल्याकडं ओढला.

‘‘आबा, सोडा की.’’

चिमाजीच्या बोटांना ते ऐकू आलं नाही. नारळ दोघांत इकडून तिकडं व्हायला लागला. पोरं खिदळली. ‘‘आबाला सवतालाच पळायचंय वाटतं!’’ कुणीतरी म्हणालं. भिंतीला टेकून बसलेला इंद्रजित मात्र हसत नव्हता. तो बापाकडं बघत होता.

‘‘पित्त नव्हतं,’’ चिमाजी म्हणाला.

नदीपलीकडं जाणारा तो आवाज पहिल्या रांगेलाही पुरला नाही. त्याला परत बोलावं लागलं. मग बोलला. भिंत, यंत्र, आजा, चुलता, मानसिंग, सगळं वाकडंतिकडं, मधेच अडखळत. ‘‘स्वरूपला तपासाया न्या म्हणाल्या व्हत्या. म्या न्हाई सांगितलं. लाज वाटली.’’

बायकांतून बनाबाई उठली.

‘‘भावजी, म्हंजे माझा माणूस देवानं न्हाई नेला?’’

‘‘न्हाई, वहिनी.’’

‘‘दुखण्यानं?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् त्या दुखण्याला विलाज व्हता?’’

चिमाजीनं मान इतकी खाली घातली, की मिशी छातीला टेकली. बनाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पुढं होऊन दोघांच्या हातांतला नारळ काढून घेतला आणि देवापुढं ठेवला.

‘‘टेम्पो सांगा कुणीतरी,’’ ती म्हणाली. ‘‘उजाडायला निघायचं. मानसिंगच्या रक्ताचा आन् ह्यांच्या रक्ताचा एकबी मागं ऱ्हायचा न्हाई.’’

स्वरूपची भिंत जाड निघाली. लवकर सापडली, मॅडम म्हणाल्या. गोळ्या आणि वेळच्या वेळी तपासणी, तूर्त एवढंच. चिमाजीनं मन मोठं केलं, असं लोक म्हणायला लागले, तेव्हा तो उठून बाहेर गेला.

त्या वर्षी सगळे पुण्याहून परतल्यावरच काठी निघाली. ती इतर घरांतल्या गड्यांनी मिळून नेली, आलटून पालटून खांदे बदलत, चालत. चिमाजी आणि इंद्रजित फार मागून, सावकाश. अर्ध्या टेकडीवर, त्या दगडापाशी चिमाजीला दम लागला.

‘‘थांबा आला, आबा,’’ इंद्रजित म्हणाला. ‘‘बसा.’’

‘‘एसटी बंद पडली का वो भावजी?’’ खालून बनाबाईनं हाक दिली. सगळी चढण हसली.

चिमाजी बसला. वर खांदा बदलताना काठी जराशी कलली, तसा त्याचा हात सवयीनं उठला. त्यानं तो खाली घेतला. मग दगडाकडं बघितलं.

‘‘इंद्रा, त्या वक्ताला म्या आधी...’’

‘‘ठावं हाय,’’ इंद्रजित म्हणाला. त्यानं बाटलीचं झाकण काढलं. ‘‘पाणी प्या.’’