सहा नंबरचं काडतूस

माझ्या सासऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बंदुकीच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. बोरी गावाजवळच्या शेतात, आखाड्यावर म्हणजे शेतातल्याच घरात, आम्ही दोघं राहायचो. माझे मालक परभणीला कारकून होते, रविवारी यायचे. पिकाच्या राखणीसाठी सासऱ्यांच्या नावावर दुनळी बंदूक होती. मी सातवी शिकलेली, म्हणून काडतुसांवरची इंग्रजी अक्षरं वाचून द्यायचं काम माझ्याकडं आलं.

मी त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मला समोर बसवून सगळं शिकवलं होतं. उजवी नळी तोंडापर्यंत सरळ. तिचे छर्रे लवकर पांगतात. तित्तर पायाजवळून उठला तर ती. डावी तोंडाशी आवळलेली. त्या आवळण्याला ते चोक म्हणायचे. तिचे छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात.

"तित्तराला सहा नंबर, बारीक छर्रा," ते सांगायचे. "डुकराला एलजी, मोठा. बारक्या छर्ऱ्यानं डुक्कर मरत न्हाई, निस्तं जखमी होतंय. आन् जखमी डुक्कर लय वाईट, पोरी."

ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. एका पावसाळ्यात गावोगाव तणाव होता, म्हणून त्यांनी बंदूक ठाण्यात नेऊन ठेवली. काडतुसांचा डबा घरातच राहिला आणि नेमका गळतीखाली भिजला. बंदूक परत आली तेव्हा भुईमूग काढणीला आला होता.

एके दिवशी उजाडता उजाडता मामा दारात आले. "डुकरं शिरलीत. दोन एलजी दे."

डब्यातली काडतुसं सगळी लाल, सारख्याच आकाराची. तोंडावरच्या पुठ्ठ्याच्या टोपणांवरची शाई पुसत आलेली. एकावर एलजी स्पष्ट होतं. दुसऱ्यावर फक्त एक वळणदार अक्षर उरलं होतं. मला ते जी वाटलं. आधीचा एल धुऊन गेला असेल, असं मी धरलं आणि दोन्ही त्यांच्या हातावर ठेवली. ते जी नव्हतं, सहाचा आकडा होता.

पहिला बार हुकला. दुसरा लागला, पण डुक्कर पडलं नाही. ते ओरडत ओढ्याकडं गेलं. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही, हा मामांचा नियम. माझ्याकडून एलजी स्पष्ट वाचता येणारी आणखी दोन काडतुसं घेऊन ते मागं गेले. थोड्या वेळानं तिसरा बार ऐकू आला आणि पाठोपाठ त्यांची हाक. मी धावले. बाभळीखाली डुक्कर मरून पडलं होतं. शेजारी मामा बसले होते आणि त्यांची मांडी डुकराच्या सुळ्यानं गुडघ्यापर्यंत फाटली होती.

मी लुगड्याचा पदर फाडून मांडी आवळली. शेजारच्या शेतातल्या माणसांनी बैलगाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. महिनाभर ते तिथंच होते. घरी आले ते काठी घेऊन, आणि ती काठी पुढं कधी सुटली नाही. लोक विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, "नेम चुकला."

मला जेवण जाईना. बारासोबत उडून पडलेली टोपणं मी चांगल्या उजेडात उचलून पाहिली होती, त्यामुळं मला सगळं कळलं होतं. एका दुपारी ते बाजेवर पडले होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "मामा, ते सहा नंबरचं होतं. मीच दिलं."

ते म्हणाले, "मला ठावं हाय. डुक्कर सोलणाऱ्यानं कातड्यातले छर्रे दाखवले व्हते."

"मग मला बोलला का नाही?"

"काय बोलू? अक्षर पुसलंय हे तुला दिसलं व्हतं, तर इचारायचं व्हतं. पर बंदूक माझ्या हातात व्हती. भिजलेला डबा मीच फेकून द्यायला पायजे व्हता."

एवढं बोलून ते कुशीवर वळले. मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही तसं मागितलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या मालकांसोबत बंदूक ठाण्यात पाठवून दिली, लायसन रद्द करायला. पुढच्या साली डुकरांनी भुईमुगाचा ओढ्याकडचा सगळा तुकडा उकरून टाकला. आम्ही दोघं बांधावर उभे राहून बघत होतो.