आवाज बंद केलेला मोबाइल

कुरकुंभच्या कंपनीत मला आठवड्याआड नाइट लागते. सकाळी घरी येऊन अंग टाकलं की दुपारपर्यंत भांडंसुद्धा वाजता कामा नये, हा आमच्या चाळीतल्या सगळ्या शिफ्टवाल्यांच्या घरचा कायदा. खोली एकच, वर पत्रा. मुलगी रांगायला लागली आणि बायकोनं तिच्या हातात मोबाइल दिला, आवाज बंद करून. मी उठून बघायचो तर पोरगी कोपऱ्यात बसून मुक्या चित्रांकडं टक लावून बघत असायची. काय शहाणी पोर, म्हणून मी शेजारपाजाऱ्यांना कौतुकानं सांगायचो. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तीन वर्षांची झाली तरी ती बोलेना. पाणी हवं असलं की हात धरून माठापाशी न्यायची. ‘काही मुलं उशिरा बोलतात’ म्हणणारे ढीगभर भेटले, आणि आम्हालाही तेच ऐकायचं होतं. शेवटी दौंडला डॉक्टरांकडं नेलं. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग त्यांनी विचारलं, “मोबाइल किती वेळ बघते?”

बायको म्हणाली, “लई न्हाई. आन् आवाज तर बंदच असतो.”

जणू आवाज बंद म्हणजे पथ्य पाळलं! डॉक्टर म्हणाले, आधी मोबाइल बंद करा आणि पोरीशी दिवसभर बोलत राहा. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

इनामगावहून माझे वडील आले. त्यांचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. म्हणाले, “कोकरू बी आईच्या सादंला वरडाया शिकतंय. हिला तुम्ही कवा साद घातली? निस्तं गप, गप.”

“मंग मी झोपू कवा, आबा? कामावर डुलकी लागली म्हंजी?”

नाइट सुटत नाही, दुसरी खोली परवडत नाही, आणि गेलं ते पोरीचं बोलणं. हे कुणाला सांगायचं?

मोबाइल कपाटात कुलूपबंद केला. आठवडाभर पोरीनं भिंतीवर डोकं आपटलं, शेजारी भांडायला आले. बायको दिवसभर तिच्याशी बोलत राहिली. भाकरी, बादली, चिमणी, दिसेल त्याचं नाव. असा दीड महिना गेला.

एका दुपारी मी नाइट करून झोपलो होतो. पोरगी जवळ आली, माझ्या गालावर थापट्या मारल्या आणि स्पष्ट म्हणाली, “बाबा, ऊठ.” मी डोळेही न उघडता ओरडलो, “अगं, मोबाइल दे तिला! झोपू दे मला!”

हे बायकोनं मला संध्याकाळी सांगितलं. मला काहीच आठवत नाही. त्यानंतर पोरगी अजून बोललेली नाही. आता माझी दिवसपाळी आहे, झोपायची गरज नसते. तरी घरी आल्यावर मी रोज तासभर डोळे मिटून, गाल पोरीकडं करून पडून राहतो.