शिकागोचं तेल, सोलापूरचं ऊन

एकवीस एप्रिल १९७५, सोमवार. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या आणि मला म्हातारं व्हायचं नव्हतं. दोन्ही कामं एकाच वेळी उरकतील, अशी माझी खात्री होती.

म्हातारं न होण्याची घाई होती ती वन्संमुळे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, अक्कलकोटला दिलेली. माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी, पण सगळा जन्म सावलीत काढलेला. (वाळवणं घालायला बाई, ती राखायला दुसरी बाई. वन्संनी फक्त तळायची, तीही पंख्याखाली.) त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात वरमाईने माझ्याकडे बोट करून वन्संना विचारलं होतं, "ह्या तुमच्या थोरल्या बहीण का?" "नाही" म्हणायला वन्संनी इतका वेळ लावला, की तेवढ्यात एक पंगत उठली असती. आता रविवारी लग्न होतं. तीच वरमाई, त्याच वन्सं आणि मी. ह्या वेळी मी धाकटी आहे आणि धाकटीच दिसणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

उपायही हाती आला होता. माझे धाकटे दीर वसंतभावजी लग्नासाठी शिकागोहून येणार होते. तिकडच्या बायका उन्हात अंगाला काय लावतात ते घेऊन या, एवढंच मी त्यांना कळवलं होतं. भावजी लहानपणापासून आज्ञाधारक. तिकडच्या बायका उन्हात जे लावतात, नेमकं तेच त्यांनी आणलं. "वहिनी, उन्हात बसायच्या आधी लावायचं," एवढं सांगून बाटली माझ्या हातात दिली आणि वन्संकडे लग्नाच्या कामाला निघून गेले.

बाटलीवर एक बाई वाळूत आडवी पडली होती. अंगावर कापड म्हणाल तर रुमालाच्या आतच. रंग घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा. खालच्या मजल्यावरच्या अंबूबाई कुरडया घालायला मदतीला आल्या होत्या. मूळच्या मंद्रूपच्या, आणि मनात आलेलं तिथेच ठेवायची त्यांना सवय नाही.

"ह्या बाईची कापडं कुटं गेली?"

"वाळत घातली असतील," मी म्हणाले.

"आन् ही तर आपल्यापरीस करपलीय की."

मी त्यांना नीट समजावलं. हे तेल लावण्याच्या आधीचं चित्र आहे. खोकल्याच्या बाटलीवर खोकणारा माणूस असतो, तसं. अंबूबाईंना पटलं. मला तर आधीच पटलेलं होतं. (संध्याकाळी हे चष्मा लावून बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचत बसले. बराच वेळ वाचत होते. एकदा जरी मजकुराकडे लक्ष गेलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.)

माझा विचार साधा होता. सावलीतला पापड मऊ राहतो, उन्हातला वाळतो आणि मग वाकडा होतो. माणसाच्या कातडीचंही तेच. ऊन अडवलं की सुरकुती अडलीच. आजही मी ह्या मतावर ठाम आहे. चूक विचारात नव्हती, बाटलीत होती.

एरवी उन्हाळ्यात मी गच्चीवर जायची ती डोक्यातोंडाला जुनं धोतर गुंडाळून, आणि ऊन चढायच्या आत खाली. पण आता तेल असताना धोतर कशाला? काढून टाकलं. तोंड, मान, दंड, पायाचे घोटे, सगळीकडे तेल चोपडलं आणि भावजींनी सांगितल्याप्रमाणे उन्हात बसले. तेल वाया जाऊ नये म्हणून दुपारपर्यंत बसले. सोलापुरात त्या वेळी गच्चीवर कावळा उतरला तर पाय बदलत उभा राहतो.

"वास खोबऱ्याचा येतोय की ह्याला," अंबूबाई हात चोळत म्हणाल्या. त्यांनीही लावलं होतं, आणि त्यांचं बघून बोळातल्या आणखी दोघींनी.

"शिकागोचं खोबरं आहे ते," मी म्हणाले.

मंगळवारी तोंड लाल झालं. बुधवारी विटकरी. गुरुवारी आरशात जे दिसलं त्याला मी आधी "कोण पाहिजे?" असं विचारणार होते. पण मी घाबरणारी नाही. औषध आधी दुखणं वर काढतं, हे कोणीही सांगेल. इतक्या वर्षांचं मुरलेलं ऊन बाहेर पडत होतं. ते लवकर बाहेर पडावं म्हणून मी दोन वेळा लावायला सुरुवात केली. कुरडया संपल्या तर उन्हात बसायला कारण उरेना, म्हणून साबुदाण्याच्या पापड्याही काढल्या. हे रात्री जेवताना म्हणाले, "दिवा जरा मोठा कर, तू नीट दिसत नाहीस." मी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी अंबूबाई तणतणत वर आल्या. "बाई, आज धार काढाया गेले तर म्हशीनं मला शिंग दावलं. घरची म्हस वळखंना मला!"

"म्हशीला धीर नसतो," मी म्हणाले. "रविवारपर्यंत थांबा."

रविवारी पहाटे मी जांभळा शालू नेसले आणि तोंडाला पावडर लावली. त्या पावडरीने इतकंच झालं, की विटकरीवर कोणीतरी राख टाकल्यासारखी दिसू लागले. एसटीतून उतरून अक्कलकोटला मांडवात शिरले, तेव्हाही माझा विश्वास कायम होता. म्हटलं, रंगाचं राहू दे, सुरकुती तर नाही?

वरमाई समोरच होत्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्यांनी कानडी हेलात वन्संना विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या? शेतावर असतात काय?"

वन्संनी ह्या वेळी अजिबात वेळ लावला नाही. "नाही हो," त्या म्हणाल्या, "सोलापूरला गच्चीवर असतात."

मांडवातल्या बायका हसल्या. मीही हसले, कारण दातच तेवढे पूर्वीसारखे राहिले होते. मग भावजींना कोठीघरात गाठलं. माझ्याकडे बघून त्यांच्या हातातलं लाडवांचं ताट कललं.

"वहिनी, सगळी बाटली लावलीत?"

"थोडं उरलंय. रंग कधी उजळणार ते सांगा."

"उजळणार?" भावजी खाली मांडी घालून बसले. "अहो, ते काळं व्हायचं तेल आहे. तिकडच्या बायका मुद्दाम काळ्या होतात."

"काळं व्हायला तेल कशाला? ऊन नाही का तिकडे?"

"नाही."

"आणि हे विकत घेतात?"

"विकत."

 बाटलीवरची ती वाळूतली बाई डोळ्यांपुढे आली. ती तेल लावण्याच्या आधीची नव्हती. ती माझ्यासारखीच सगळं करून मोकळी झालेली होती.

"पण ऊन अडवायचंही मलम मिळतं, वहिनी," भावजी अपराध्यासारखे म्हणाले. "पुढच्या वेळी ते आणतो. नक्की."

"आणा," मी म्हणाले. "बाटलीवर बाई नको. ह्यांना मजकूर वाचता आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी जुनं धोतर शोधलं, डोक्यातोंडाला घट्ट गुंडाळलं आणि उन्हं यायच्या आत पापड्या उलटून खाली आले. (अंबूबाईंनी तीन दिवस अबोला धरला, पण म्हशीने त्यांना त्याच आठवड्यात ओळखलं.) उरलेलं तेल गच्चीच्या दाराच्या बिजागरीत ओतलं. कित्येक वर्षं कुरकुरणारं ते दार तेव्हापासून एकदम गप्प झालं आहे. एवढ्या त्या बाटलीने तोंड बंद केलं ते फक्त दाराचं. वन्संपर्यंत तेल पुरलं नाही.