मालनबाईची उशिराची धार

मालनबाईचा चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा वस्तीला बरं वाटलं. सोनारीच्या अलीकडं, परंड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या या वस्तीत बाई अंगानं भरली की तिचं चांगलं चाललंय असं समजतात. "सून गुणाची मिळाली," असं बायका म्हणाल्या, आणि सुनेला, दीक्षाला, स्वतःच्या स्वयंपाकाचा अभिमान वाटू लागला. खरं श्रेय पुडीचं होतं.

पुडी म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली हिरवट भुकटी. मालनबाईच्या बोटांची पेरं सुजली, मूठ वळेना झाली, तेव्हा तिचा नवरा ज्ञानोबा सीना नदीपल्याडच्या एका वैद्याकडून ती आणू लागला. "समदं देशी हाय, विंजेक्शनचं नाव न्हाय," असं वैद्यानं सांगितलं होतं. पहिली पुडी पोटात गेली आणि दुसऱ्या दिवशी मालनबाई धरत-लंगडत नव्हे, चांगली ताठ चालत गोठ्यात गेली. देशी औषधाला गुण यायला वेळ लागतो, हे एरवी सगळ्यांना सांगणारी माणसंच या झटपट गुणाचं कौतुक करत होती.

दोन वर्षांनी तिची साखर वाढलेली निघाली. भांड्याचा काठ नुसता हाताला लागला तरी कातडीखाली काळंनिळं व्हायला लागलं. दीक्षा तिला धाराशिवला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा चेहरा पाहिला, मग पुडी उघडली.

"मावशी, ही तपासायला पाठवते. पण तुमच्या चेहऱ्यावरूनच सांगते, यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. ही तब्येत नाही, सूज आहे."

"मंग आजपास्नं बंद."

"अजिबात नाही. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. जे शरीरानं स्वतः करायचं, ते काम या पुडीमुळं त्यानं सोडून दिलंय. त्याला हळूहळू परत कामाला लावावं लागेल."

मग मोजून कमी करत न्यायच्या गोळ्या आल्या. मूळ दुखण्यासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आलं, रक्ताच्या तपासण्या आल्या, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडायची-मिटायची हे आलं.

"दुखणं जाईल का?" मालनबाईनं विचारलं.

"जाणार नाही. ताब्यात राहील."

मालनबाईला बाई पटल्या. या धंद्यात कमी आश्वासन देणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

गोळ्या कमी होत होत कित्येक महिन्यांनी थांबल्या. चेहरा मूळच्या हाडांवर परत आला. वस्तीला वाईट वाटलं. "वाळली बिचारी," म्हणून लोक कळवळले, आणि पुडी घ्यायचा सल्ला देऊ लागले. उरलेल्या पुड्यांचा डबा ज्ञानोबानं माळ्यावर जपून ठेवला होता. औषध टाकून द्यायचं नसतं, असं त्याचं मत होतं.

दिवसभर मालनबाईचं बरं चालायचं. खोट सकाळची होती. पहाटे तिची बोटं लाकडासारखी असत आणि ऊन गोठ्याच्या पत्र्यावर येईपर्यंत ती तिच्या मालकीची होत नसत. आणि मोरी म्हशीची धार निघायची ती झुंजुमुंजू असताना. मोरीला हात माहीत होता तो एकट्या मालनबाईचा. दीक्षा बसली तर मोरी पान्हा चोरायची. ज्ञानोबा बसला तेव्हा तिनं चरवी लाथाडली आणि मग त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा बसला नाही.

"हे बघ," ज्ञानोबा म्हणाला, "एक तर म्हस बाजारात न्यावी, न्हायतर सकाळपुरती अर्धी पुडी खावी. अर्ध्यानं काय व्हतंय?"

"अर्ध्या पुडीनं अर्धी मरंन."

"मंग म्हस."

मोरीची आई मालनबाईनं माहेराहून आणली होती. त्या घरात तिला विचारल्याशिवाय जिचा सौदा होऊ शकत नव्हता अशी चीज म्हणजे मोरी. ती गेली असती तर मालनबाईकडं विचारण्यासारखं काही उरलं नसतं.

एका सकाळी हात पाण्यात बुडवून बसली असताना तिच्या लक्षात आलं की पहाटेची वेळ म्हशीनं ठरवलेली नाही. ती ठरवलीय सिद्धारामच्या खव्याच्या भट्टीनं. भट्टी पहाटे पेटते, सातनंतर तिथं दूध घेत नाहीत, म्हणून सगळी वस्ती अंधारात म्हशीखाली बसते. मग तिनं रोज धार थोडी उशिरा काढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस दीक्षा जरा थांबून कासेला बसायची, निघेल तेवढं काढायची, आणि मालनबाई जवळ उभी राहून मोरीशी बोलत राहायची. मोरी हंबरली, दावं ताणलं, आणि शेवटी कंटाळून तिनं नवी वेळ मान्य केली. पत्र्यावर ऊन आलं की मालनबाई मोरीपुढं आंबोणाची पाटी ठेवून खाली बसे. पूर्वीसारखी मूठ वळत नव्हती. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यावर काम. वेळ लागायचा, पण चरवी भरायची.

उरला सिद्धाराम. मालनबाई भट्टीवर गेली तेव्हा तो कढईत लांब उलथनं फिरवत होता. उन्हात आणि जाळात त्याचा गोल चेहरा चकाकत होता. मालनबाईनं तो चेहरा पाहिला आणि ओळखला.

"सिद्धारामभाऊ, आमचं दूध नऊला घ्या की."

"नऊला? नऊला माझा खवा गाडीत असतोय, मालनबाई."

"एक लहान कढई ठिवा मागं."

सिद्धारामनं उलथनं थांबवलं, इकडंतिकडं पाहिलं. "ठिवतो. पन तुमच्याकडं त्या पुड्या हायत म्हनं. ज्ञानोबा बोलला. आमचा वैद्य गाशा गुंडाळून पळाला. माझ्या निम्म्याच राहिल्यात. त्या द्या, मी दूध घेतो. दुपारी आणा, रात्री आणा."

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा ज्ञानोबा लगेच माळ्याच्या शिडीवर चढला. "देऊन टाक. त्याचं दुखणं त्याच्यापाशी."

"माझ्यासाठी पुडी आनलीत तवाबी असंच म्हनला व्हता का?"

ज्ञानोबा शिडीवरून उतरला.

दुसऱ्या दिवशी तिनं सिद्धारामला नाही म्हणून सांगितलं. एकदम बंद करू नका हेही सांगितलं, पुड्या आहेत तोवर धाराशिवला चला, मी येते संगं, असंही.

"मला दवाखाना दावायला आलीस?" तो एकेरीवर आला. "दूध सातला आण. न्हायतर आणूच नको."

मग मोरीच्या दुधाचं दही लागलं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. दीक्षा घुसळायची. पैसा उशिरा यायचा आणि ज्ञानोबा तो उशीर रोज बोलून दाखवायचा. पण म्हैस दावणीला होती.

पुढच्याच पंधरवड्यात एका सकाळी भट्टीचा धूर दिसला नाही. सिद्धारामची बायको धावत आली. रात्रीपासून त्याला उलट्या होत होत्या, अंग गार पडलं होतं, उठून बसवलं की डोळे फिरत होते. मालनबाई जीपमध्ये बसली ती माळ्यावरचा डबा मांडीवर घेऊनच. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय औषध चालू आहे? "काय न्हाय, देशीच," बायको म्हणाली. मालनबाईनं डबा टेबलावर उघडला. "हे खात व्हते. संपलं, म्हनून एकदम बंद झालं." त्यानंतर मात्र तिथं कुणी वेळ घालवला नाही. सलाईन लागलं, सुई दिली गेली, आणि दुपारपर्यंत सिद्धारामनं बायकोला नावानं हाक मारली.

रात्री ज्ञानोबा म्हणाला, "दिल्या असत्यास तर पडला नसता."

"आज नसता पडला."

आपलं चुकलं नाही हे तिला माहीत होतं. पण माहीत असून झोप येत नव्हती.

सिद्धाराम परतला तो मोजून कमी करायच्या गोळ्या घेऊन. जसजशा त्या उतरल्या, तसतशी त्याची पुडीच्या आधीची सकाळ परत आली. उलथनं धरायला हात उघडेना. भट्टी उशिरा पेटू लागली, आधी आठला, मग नऊला. लाकडं ओली आहेत, असं तो लोकांना सांगायचा. भर उन्हाळ्यात सांगायचा, आणि लोक ऐकून घ्यायचे. बाकीची वस्ती मात्र सवयीनं अंधारातच धार काढायची आणि मग भट्टीच्या दाराशी घागरी घेऊन बसून शिव्या द्यायची.

मालनबाई आपल्या वेळेला पोचायची.

"मालनबाई," एकदा त्यानं हळूच विचारलं, "हे जातंय कधी?"

"जात न्हाय, भाऊ."

"मंग?"

"मंग काय. दुपार चांगली असती."

त्यानं यावर थोडा विचार केला. मग तिचं दूध मापलं आणि नेहमीप्रमाणं फॅट कमी लागलं म्हणून सांगितलं.