वाघोलीच्या फ्लॅटमध्ये पेलाभर पाणी

बायांनो, आज लेकाबरोबर वाघोलीला फ्लॅट बघायला गेले आणि डोकं फिरवून घेऊन आले. मी दुसरीपर्यंत शिकलेली, टाईप नातीनं केलंय. चुकलं तर तिला बोला.

एजंट पोहायचा तलाव दाखवत होता. मला काय करायचाय तलाव? लेक-सून सकाळी आठला कामावर जातात, ते अंधार पडल्यावर येतात. मागच्या महिन्यात शुगर उतरून मी मोरीत पडले, तेव्हा आमच्या बिबवेवाडीच्या घराशेजारच्या सुमननं धावत येऊन उचललं. म्हणून जागा बघायची माझी एकच रीत. शेजारची बेल वाजवायची आणि पाणी मागायचं.

वाजवली. दार उघडलंच नाही. बेलच्या डबीतून बाईचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

"पाणी पाहिजे, बाई. शेजारचा फ्लॅट बघायला आलोय."

"गेटवरून अप्रूव्हल घेतलंय का?"

पेलाभर पाण्याला अप्रूव्हल. पाच मिनिटांत वॉचमन वर हजर. "मावशी, खाली चला. मॅडमनी कम्प्लेंट केलीय."

यावर आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, इथं प्रायव्हसी चांगली आहे."

म्हटलं, "आहे ना. मी मेले तरी तुम्ही घरी येईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही."

तो घेतोय तर घेऊ दे. मी बिबवेवाडी सोडणार नाही.

तुम्हाला भरदुपारी घरात एकटीला चक्कर आली, तर कोण येईल? खाली नाव लिहा. आठवायला वेळ लागत असेल, तर तुमच्या सोसायटीचं कौतुक मला सांगू नका.