पांढऱ्या साड्यांपुरते हात

"हा शालू या पोरीच्या हातून नोको दाखवू."

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुकानाच्या शेठजींशी बोलल्या. शालू माझ्या हातात अर्धा उलगडलेला. शेठजींनी तो काढून घेतला, तळहातानं झटकला आणि दुसऱ्या मुलीकडे दिला. मग मला म्हणाले, "मांगं जाय. फॉल लाव."

मी गेले.

माझ्या हातांवर कोड आहे. आधी बोटांची टोकं पांढरी झाली, मग ओठाची कड. शिवल्यानं कोड कुणाला होत नाही. मला माहीत होतं, शेठजींनाही माहीत होतं. पण लग्नाचं गिऱ्हाईक. असल्या हातांनी शालूची घडी मोडली की म्हणे अपशकुन.

भंडाऱ्यातल्या त्या दुकानात साडी अंगावर टाकून दाखवणं हे माझं काम होतं. पुलापलीकडच्या कारध्याहून रोज यायची. गादीवर उभी राहून निऱ्या घालायची, पदर सोडायची. "काळ्या पोरीवर शालू कसा उठून दिसते पाहा," असं शेठजी गिऱ्हाइकांना सांगायचे. तेव्हा माझा काळा रंग त्यांच्या कामाचा होता.

कोड आलं आणि मी मागच्या खोलीत गेले. तिथून मला फक्त एकाच कामासाठी बाहेर बोलावणं यायचं. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. आमची माणसं दुकानात आली की शेठजी हाक मारायचे, "ये वो, तुमच्या लोकायचं गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या साड्या तूच दाखव."

हात तेच. शालूला त्यांचा विटाळ, पांढऱ्या साडीला चालतात. एकदा आमच्यातल्याच एका मावशीनं माझी बोटं पाहून पदर आवरून घेतला. तेही मी विसरलेली नाही.

शेठजींची सून, आम्ही तिला भाभी म्हणायचो, दुकानाच्या वरच ब्यूटी पार्लर चालवायची. एका दुपारी तिनं मला वर बोलावलं. हातात काचेची चिमुकली बाटली, तळाशी पांढरी भुकटी. कुरिअरनं मागवलेली.

"हे टोचलं का अंग रंग धरते. फॉरेनच्या गोऱ्या बाया सावळं व्हायले घेतात. तुह्या डागात रंग भरून जाईन."

मला हसूच आलं. जन्मभर मला बेसन फासायला सांगणारी माणसं भेटली होती. काळं व्हायला सुई टोचून घेणाऱ्या बाया जगात आहेत, हे नवीनच.

"डॉक्टरले विचारू का?"

"कायले? मी देऊन राहिली ना."

खालून शेठजी म्हणाले, "हात भरले का मंग तू पुन्हा गादीवर." त्या गादीसाठी मी पोटावर सुई घेतली. भाभीनं भुकटीत पाणी मिसळलं, हलवलं, टोचलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा टोचलं.

तोंड तव्यासारखं तापायचं. घरी जाताना ऑटोत मळमळायचं. पुलावर ऑटो थांबवायला लावून कठड्याला धरून ओकायची, खाली वैनगंगा. भाताचा वास सहन होईना. मी मनाला सांगायची, औषध काम करून राहिलं.

केलंच त्यानं काम. चेहरा काळवंडला, मान काळवंडली, गुडघे काळे पडले. आणि कोड? तसंच्या तसं. उलट भोवतालचं अंग काळं झालं तशी पांढरी बोटं लांबून दिसायला लागली. आगीतून फुफाट्यात.

माय डोक्याला तेल लावत होती. एकाएकी तिचा हात मानेवर थांबला.

"हा तीळ एवढा काळा कवा झाला वो? अन् हे बाजूचे? हे तं नव्हते."

मी सुईचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मजुरीला गेली नाही, मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी मान भिंगातून पाहिली. म्हणाल्या, "या औषधाला मंजुरी नाही. बाटलीत नेमकं काय होतं, तेही सांगता येत नाही. कोडाच्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात. तो भाग कोराच राहतो, बाकी अंग काळं होतं. मळमळ, तोंड तापणं, तीळ गडद होणं, नवे तीळ येणं, हे सगळं असं टोचून घेणाऱ्यांत दिसलंय. काहींच्या तिळाचा कॅन्सरही निघालाय. तो यामुळेच झाला असं ठाम सांगता येत नाही. यामुळे झालाच नाही, असंही सांगता येत नाही. आता सुई बंद. तिळाचा आकार बदलला, रक्त आलं, तर त्याच दिवशी या."

त्या दिवसापासून बोट सारखं मानेवर जातं. बोलताना, जेवताना, झोपेतही. तीळ तेवढाच आहे की वाढला? भीती वाटते. खोटं कशाला बोलू.

दुकानात गेले तर भाभी सुई भरून तयार. माझे हात उलटेपालटे करून पाहिले, वैतागली.

"तुह्या अंगालेच लागत नाही. डोस वाढवू."

"भाभी, मानेवर तीळ उठून राहिले."

"तं काय झालं? काळ्या अंगावर कोणाले दिसते तीळ?"

सहज बोलली ती. रागानं नाही, चिडवायला नाही. माझं अंग तिच्या हिशेबात अंगच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. गादीवर शालू दाखवायला काळं अंग, सुई टोचून पाहायलाही काळंच अंग.

"मले दिसते," मी म्हणाले.

तिच्यासमोरची रिकामी बाटली उचलली, मुठीत धरली आणि जिना उतरले. खाली लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं. मी मागच्या खोलीत गेले नाही. गादीवर चढले, शालू घेतला, घडी मोडली, खांद्यावर टाकला. पांढरी बोटं जरीवर पसरून पदर सोडला.

"मांगं जाय," शेठजी म्हणाले.

"नाही जात."

"मंग उद्यापासून येऊ नोको."

मी शालू उतरवला. नीट घडी घालून गादीवर ठेवला आणि दुकानाबाहेर पडले.

बाटली मी टाकलेली नाही. पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा तीच दाखवली. पार्लर अजून चालू आहे. मीही आहे. आता दुकानासमोरच्या फूटपाथवर शिलाई मशीन मांडून साड्यांना फॉल लावून देते, पार्लरच्या जिन्याच्या अगदी तोंडाशी. हातमोजे घालत नाही. कोड असलेली कोणी वर चढताना दिसली की मशीन थांबवते, तिला हाक मारते, केस बाजूला करते आणि मान दाखवते.

शेठजींनी दोनदा माणूस पाठवला, जागा सोड म्हणून. मशीन तिथंच आहे. तिथंच राहील.